चार छेद आणि रुंद पट्टा

माय, आज एका बाईची पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली. आंबागडकडची, घरी धानाची शेती. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, पोट न फाडता पिशवी येते कुठून? बेंबीपाशी बोटभर छेद असतो, त्यातून. बाकीचे तीन त्याहून बारीक. पिशवी बाहेर आली की लोकांना वाटतं झालं. माझं खरं काम तिथे सुरू होतं. बेंबीखालचा जाड पडदा आधी शिवायचा, मग कातडीला आतून विरघळणारा टाका. कातडी कोणीही जुळवेल. पडदा ढिला राहिला तर पुढे आतडं तिथून डोकं काढतं. माझा टाका सुटत नाही, हे तुला छातीठोक सांगते. पण पडदा भरून यायला दीड महिना तरी लागतो, आणि तेवढ्यात बाई चिखलात वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावायला गेली, तर माझी सफाई काय कामाची?

सासू तिच्या पोटावरच्या पट्ट्या बघून म्हणाली, "एवढ्याशा भोकायले कायची सुट्टी, म्याडम? सोमवारी रोवणीले नेता येते ना हिले?" मी नाही म्हटलं. तिने मान डोलावली, पण पटल्याचं दिसेना. ती चहाला गेली तशी सून हळूच म्हणाली, "म्याडम, चिरा मोठा काहून नाही मारला? मले महिनाभर निजाले तरी भेटलं असतं." मला हसू आलं, पण टिकलं नाही. सिस्टरकडून सगळ्यात रुंद पोटपट्टा मागवला आणि तिला छातीखालून कमरेपर्यंत बांधला. सासू परतली ती बघतच राहिली. "बापा, एवढं कापलं होतं का?" मी म्हटलं, "आतून शिवलंय, आजी. दीड महिना वाकू द्यायचं नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

तेव्हा तू आठवलीस. तुझीही पित्ताची पिशवी जिल्ह्याच्या दवाखान्यात पोट फाडून काढली होती. बाया भेटायला आल्या की तू पदर सारून वीतभर वण दाखवायचीस. मी लाजून "झाक ना, माय" म्हणायचे, आणि तू दटावायचीस, "पाहू दे त्याइले." ते आज कळलं. वण पाहिल्यावर तुला कोणी धानाच्या बांधीत रोवणीला बोलावलं नाही. त्या साली धान दुसऱ्यांनी रोवलं.

बारीक टाक्यांचा मला अभिमान आहे, आणि तो राहील. फक्त एक गोष्ट तुझ्या हयातीत बोलले नाही, आणि आता हा कागद कुठे टाकायचा तेही ठाऊक नाही. तुला एवढं दुखत होतं, तरी तो महिना माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा होता. शाळेतून आले की तू घरी असायचीस.