आत उघडणारं दार

ता. २ जून

ती. दादास ठमीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझी नि बाबांची जुंपते, म्हणून पत्र. तू पाठवलेल्या नकाशाबरहुकूम मागच्या अंगाला वादळाची खोली उभी राहिली. गवंडी म्हणतो, हत्ती धडकला तरी हलायची नाही. दार मात्र बाबांनी स्वतः बसवलं. सुतारकी सोडली तरी हात शिवशिवतातच ना! पण ते बाहेर उघडतं. तू आत उघडणारं दाखवलं होतंस. विचारलं तर म्हणाले, आत उघडलं तर माझी खुर्ची कुठे मावणार? वर, जन्मभर दारं बसवली, आता पोराकडून शिकू का?

काय करू ते कळव. लोभ आहेच, त्यात भर पडू दे.

तुझी ठमी

ता. ७ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

दार फिरवून घे. वादळात जे कोसळतं ते दारापुढेच येऊन पडतं, मग बाहेर उघडणारं दार तसूभरही हलत नाही. गेल्या वर्षी इथे अशीच एक खोली आमच्या बचाव पथकाने कापून उघडली. आत नवराबायको होते. खोलीला ओरखडाही नव्हता, पण हवेचा झरोका ढिगाऱ्याने बुजला होता. बायको तेवढी वाचली.

हे बाबांना सांगू नकोस, घाबरवतोय म्हणतील. दुसरा सुतार बोलाव. सांभाळून राहा, माया असू दे.

दादा

ता. ११ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

दुसरा सुतार आला, तो नेमका बाबांचाच चेला निघाला! चहा प्यायला, दाराची तारीफ केली आणि गेला. रेडिओवर परवा वादळ धडकणार म्हणतात. रस्ते बंद होताहेत, तू निघू नकोस. मला राहवलं नाही, त्या जोडप्याचं बाबांना सांगून टाकलं. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, असंही बजावलं. ते खुर्चीत जाऊन बसले.

फार भीती वाटते रे. आठवण ठेव.

ठमी

ता. १४ जून

चि. ठमी,

फोन लागत नाही. दोन शब्द पाठव, कुणाच्याही हाती पाठव. जेवण जात नाही.

दादा

ता. १७ जून

चि. थोरल्यास अ. उ. आ.

ठमीचा हात मुरगळलाय, म्हणून मी लिहितो. दोघं सुखरूप आहोत.

घर गेलं. मी ठमीला ओढूनच खोलीत नेलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघराची भिंत दारावर येऊन पडली. पोरगी धाय मोकलून रडायला लागली. दादा सांगत होता, दादा सांगत होता, एवढंच म्हणत होती. मी कडी काढली आणि दार आत ओढलं. विटा पायाशी आल्या, वर उजेड दिसला. ती बघतच राहिली.

वादळाच्या आदल्या दिवशी ती शेजारी गेली तेव्हा मी दार फिरवलं होतं. आत शिरताना धांदलीत तिला कळलंही नाही. सांगितलं असतं तर तिने तुला कळवलं असतं, आणि तू वर्षभर टिमकी वाजवली असतीस. पण ते जोडपं डोळ्यांपुढून हलेना. खुर्ची बाहेरच ठेवली होती, ती कुठे उडाली कुणास ठाऊक.

एकट्याला दार पेललं नाही, त्यामुळे वरची बिजागरी तिरकी बसलीय. रस्ता सुरू झाला की येऊन सरळ करून दे. राग तिकडेच ठेव, लोभ तेवढा बरोबर आण.

तुझे बाबा