निरोगी गटातला सदतीस नंबर

दि. ९ मार्च

चि. पोरीस,

काकाचे अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. पुस्तकबांधणीला जुने शब्दकोश आलेत, काम सावकाश चाललंय. तुझी काकू गेल्यापासून एकट्यापुरता चहा करायला अजून जमत नाही, दर वेळी कपभर उरतोच.

परवा फोनवर तू वैतागली होतीस. तोंडाच्या कॅन्सरवरच्या तुझ्या संशोधनात निरोगी माणसांच्या लाळेचा एक नमुना, सदतीस नंबरचा, आजारी माणसासारखं भलतंच बोलतोय म्हणालीस. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून नोंदी ठेवणाऱ्या बाईंना झापलंस, आणि आता तो आकडाच काढून टाकणार आहेस. मी नुसतं हं हं केलं.

तूच मला समजावलं होतंस, पेशीत मायक्रो-आरएनए नावाच्या चिमुकल्या चिठ्ठ्या असतात. घरातल्या वडीलधाऱ्यासारख्या, कुठलं काम फार झालं की 'पुरे' म्हणणाऱ्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये काहींचा आवाज बसतो, काही भलत्यालाच गप्प करत सुटतात, आणि पेशींना धरबंध राहत नाही. मी म्हणालो होतो, "म्हाताऱ्यांचं तिथेही कुणी ऐकत नाही म्हणायचं."

"काका, तुम्ही बोलता कुठे?" तू म्हणालीस.

तर बोलतो. बाईंची काही चूक नाही. तुझ्यापाशी नुसते नंबर असतात, पण माझ्या बाटलीवरचा मी वाचला होता. सदतीस मी आहे.

गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, आठ महिने झाले. पुस्तकं शिवताना तिथेच तंबाखू धरायचो. मी तिला सोडून पंधरा वर्षं झाली, तिने मला सोडलं नाही. फॉर्म भरताना तोंडात चट्टा-बिट्टा आहे का, असं तू विचारलंस तेव्हा मी बेलाशक 'नाही' म्हणालो. चट्टेवाल्यांचे नमुने हॉस्पिटलातच घेतात, निरोग्यांकडे मात्र तू स्वतः दर महिन्याला येतेस, हे ठाऊक होतं. तेवढ्यासाठी निरोगी झालो. म्हातारचळ म्हण हवं तर.

नुसत्या लाळेवरून निकाल लागत नाही, तुकडा काढून बघावा लागतो, हे कळतं मला. गुरुवारी दहाची वेळ घेतलीय. तो आकडा खोडलास तर कारणही लिही. आणि बाईंची माफी आजच माग.

दवाखान्याच्या कागदावर 'सोबत येणारी व्यक्ती' असा रकाना आहे. तुझं नाव लिहिलं आणि पुसलं. तुला न सांगता एकदा गुंतवलं तेवढं पुरे.

म्हणून विचारतो. येशील?

एकटा जायला घाबरणारा,
तुझा काका