नाताळनगरीत सहा किलो पावडर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (गेल्या आठवड्यापासून कंबर धरली आहे, त्यामुळे पूर्ण वाकलेलो नाही. उरलेला नमस्कार भेटीत पुरा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? तुमच्या जिन्याखाली जुन्या वर्तमानपत्रांची थप्पी होती, ती हलवली का? गेल्या खेपेला मी सांगून आलो होतो. जिना म्हणजे पळायची वाट, तिच्याखाली कागद रचून ठेवणं म्हणजे... पण जाऊ दे. असल्या बोलण्यापायीच हे पत्र लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. फोन का केला नाहीस म्हणशील, तर केला होता. तुझा मोबाइल चिमणी उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा तिने 'कृपया बाणाच्या दिशेने बाहेर पडा' असं म्हणून ठेवला.

माझी एकुलती एक लेक तुझ्याकडे येऊन आज आठ दिवस झाले. तिने तुला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण जे सांगितलं असेल ते खरंच असणार, कारण ती आईवर गेली आहे. तरी माझीही बाजू ऐक. बाजू कसली म्हणा, कबुलीजबाबच आहे.

तुला आठवत असेल, चिमणी लहानपणी बोलताना अडखळायची. एखाद्या शब्दापाशी गाडी थांबली की थांबली. सुट्टीत ती तुझ्याकडे आली की तू तिला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावायचीस आणि स्वतः मटार सोलत बसायचीस. एका शब्दाला पाच मिनिटं लागली तरी तू टोपलीतून मान वर काढायची नाहीस. मला हे कधी जमलं नाही. तिचा शब्द अडला की मी तो पुरवायचो. बाप म्हणून आपण मदत करतोय अशी माझी समजूत. (तुझी भावजय म्हणते, पहिली अठरा वर्षं पोरीचं प्रत्येक वाक्य तुम्हीच संपवलंत, आणि त्यातली निम्मी चुकीची संपवलीत.) तर अशा मुलीने, वय वर्षं सव्वीस, नोकरी कुठली धरावी? तर जिथे दिवसातून नऊ वेळा, वीस-वीस मिनिटं, अनोळखी माणसांपुढे सलग बोलायचं असतं तिथली. 

जागा अशी आहे. गावाबाहेर बटाट्याचं एक बंद पडलेलं शीतगृह होतं. एका कंपनीने ते घेऊन आत 'नाताळनगरी' उभी केली आहे. तिथे बाराही महिने नाताळ असतो. बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी आत बर्फ पडत असतो. तिकीट काढायचं, चौदा जणांचा गट झाला की हिरवा अंगरखा घातलेली मार्गदर्शक येते आणि पाच खोल्या फिरवून विसाव्या मिनिटाला बाहेर सोडते. चिमणीची तिथे तीन महिन्यांची उमेदवारी होती. शेवटच्या आठवड्यात मुख्य कचेरीतला कोणी मोठा साहेब ओळख न देता येणार, तिचं बोलणं ऐकणार आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार, असं होतं. कुठल्या दिवशी, कुठल्या वेषात, ते कोणालाच माहीत नव्हतं. आधीच्या दोन नोकऱ्या तिने मुलाखतीतच गमावल्या होत्या, त्याही बोलण्यावरून. त्यामुळे हिच्यावर पोरीने जीव टाकला होता. तीन महिने तिने आम्हाला तिकडे फिरकू दिलं नाही. शेवटी तुझी भावजय म्हणाली, समजा कायम नाही झाली, तर आपण तिला बोलताना कधी बघणारच नाही. तेव्हा कुठे चिमणी तयार झाली, तेही माझ्यासाठी तीन अटी घालून. ओळख तर द्यायची नाहीच, पण शिवाय वही काढायची नाही, तोंड उघडायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

आता ताई, तुला माझी खोड माहीत आहे. एकतीस वर्षं अग्निशमन खात्यात इमारती तपासल्या. कुठेही गेलो की माणसं किती आणि दारं किती हे मोजल्याशिवाय मला बसवत नाही. (लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा मी तिला पडद्याकडे पाठ करून बसवलं, असं तुझी भावजय लोकांना सांगते. ते साफ खोटं आहे. मी फक्त दाराशेजारी बसवलं होतं, आणि तिथून पडदा अर्धाच दिसत होता.) निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो!

पहिली खोली बर्फाची. छतातून साबणाचा फेस भुरभुरत होता, बायामाणसं हात पसरून उभी होती. चिमणी बोलायला लागली. ताई, काय सांगू, आवाज घंटेसारखा स्वच्छ! मी श्वास रोखून ऐकत होतो. आणि ऐकता ऐकता माझी नजर दाराकडे गेली. माणसं चौदा, दार एक. तेही जुन्या शीतगृहाचं, जाडजूड. असल्या दाराला आतून उघडायची एक दांडी असते, बटाट्यांबरोबर माणूस कोंडला जाऊ नये म्हणून. त्या दांडीवर या शहाण्यांनी कापसाचा बर्फ चिकटवला होता! मला पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा माझ्या हातात वही होती आणि मी तिसरी ओळ लिहीत होतो. लोकांनी ते पाहिलं. एका गृहस्थांनी अदबीने बाजूला होऊन मला पुढे जागा करून दिली (त्यांना मी कोणी तपासणीला आलेला साहेब वाटलो असणार). चिमणीनेही पाहिलं. तिचे कान लाल झाले, पण बोलणं थांबलं नाही. तुझ्या भावजयीने मला चिमटा काढला. त्याचा डाग अजून आहे.

दुसरी खोली खेळण्यांच्या कारखान्याची, तिसरी पत्रांची, चौथी तबेल्याची. तबेल्यात लाकडी रेनडिअर होते. गाडीच्या काचा पुसायच्या मोटारीवर त्यांच्या माना हलत होत्या आणि प्रत्येक हेलकाव्याला कुरकुरत होत्या. वायर उघडी होती, पण मी लिहिलं नाही, नुसतं मनात ठेवलं. आता फक्त शेवटची खोली राहिली होती. चिमणी दारापाशी उभी राहिली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "आणि मंडळी, या दाराच्या पलीकडे तुमची वाट बघतोय..." आणि थांबली. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. ताई, ती शांतता मी वीस वर्षं ओळखतो. वाटलं, सगळं निभावलं आणि आता शेवटच्या शब्दाला अडकलं पोर माझं! आणि मी मागून ओरडलो, "बाहेर पडायचा मार्ग!"

सगळे हसले. एक बाई तर हसता हसता भिंतीला टेकल्या. चिमणीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता, पण राग नव्हता. तीच जुनी नजर होती, सहा वर्षांची असतानाची. ती अडखळली नव्हतीच. ते थांबणं मुद्दाम होतं, महिनाभर आरशासमोर उभं राहून बसवलेलं. लोकांनी श्वास रोखावा आणि मग तिने दार उघडून 'नाताळबाबा!' म्हणावं, अशी योजना होती. हे मला तुझ्या भावजयीने नंतर सांगितलं. आधी का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणते, तुम्हाला तोंड उघडायचं नाही एवढं सांगितलं होतं, ते पुरे नव्हतं का?

शेवटच्या खोलीत आरामखुर्चीत नाताळबाबा बसला होता, पांढरी दाढी छातीपर्यंत. शेजारी शेकोटी. ती खोटी आहे हे मी दारातूनच ओळखलं. नारिंगी कागद, खाली दिवा, मागे पंखा. त्या बाबतीत मला दोष देऊ नकोस. मी शरमेने जमिनीकडे बघत मागे उभा होतो, चिमणी काहीतरी सांगत होती, आणि अचानक वास आला. जळका, खरपूस, स्पष्ट. माझं नाक एकतीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. सजवलेल्या झाडामागे भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं होतं. (तपासणीची तारीख ताजी होती, तेवढं श्रेय मी त्यांना देतो.) पिन ओढली, नळी धरली, शेकोटीच्या बुडाशी नेम धरला आणि दाबलं. सहा किलो पावडर, ताई. शिकवल्याप्रमाणे, बुडापासून वर, डावीकडून उजवीकडे. पण त्या खोट्या शेकोटीमागे खरा पंखा होता. त्याने सगळीच्या सगळी पावडर उचलली आणि नाताळबाबावर परत आणून घातली.

आता तो वास कसला, ते सांगतो. भिंतीतल्या एका डबीतून भाजलेल्या बदामांचा सुवास सोडत होते. अर्ध्या मिनिटापूर्वी चिमणीने तेच सांगितलं होतं, की मंडळी, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, नाताळबाबाच्या शेकोटीवर बदाम भाजताहेत. तेरा माणसं डोळे मिटून खोल श्वास घेत होती, आणि त्या श्वासाबरोबर त्यांनी माझी पावडर घेतली. चौदावा मी. मला काही ऐकूच आलं नव्हतं. साप म्हणून भुई धोपटतात, मी तर बदाम म्हणून शेकोटी विझवली.

मग शिंका सुरू झाल्या. नाताळबाबा सर्वांत जोरात शिंकत होता. शेवटी त्याने श्वास घ्यायला दाढी काढली, आणि धावत आलेला व्यवस्थापक त्याला पाहून जागीच थिजला. म्हणाला, "साहेब, तुम्ही?" हो ताई. मुख्य कचेरीतला मोठा साहेब सकाळपासून त्या खुर्चीतच बसला होता. सगळे त्याला गिऱ्हाइकांत शोधत होते. मी मात्र नेमका सापडवला.

आणि या सगळ्यात चिमणी एकदाही अडखळली नाही. "मंडळी, डाव्या हाताला दार आहे. घाई नको, एकामागून एक." त्या दाराच्या दांडीवरही कापूस होता. तो तिने एका हिसक्यात ओरबाडून काढला (म्हणजे तिला ती दांडी माहीत होती! घरी मी बोलायचो तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी, असं मला वाटायचं). दारात उभी राहून तिने डोकी मोजली, साहेबांना हाताला धरून बाहेर आणलं. सगळ्यांत शेवटी मी, हातात रिकामं नळकांडं. तेव्हा ती मला त्या अनोळखी लोकांतलाच एक असल्यासारखं म्हणाली, "कृपया बाणाच्या दिशेने बाहेर पडा." घरी आल्यावर तिने पिशवी भरली आणि तुझ्याकडे निघाली.

बाहेर पावडर झटकताना ते अदबशीर गृहस्थ मला म्हणाले, मुलगी काय बोलते हो, दुसऱ्याच खोलीत माझे डोळे भरून आले. मी विचारलं, दुसऱ्या खोलीत काय म्हणाली? ते माझ्याकडे बघतच राहिले. कारण मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. ताई, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. वीस मिनिटं माझी लेक बोलत होती आणि मी दारं मोजत होतो. आणि ज्या क्षणी दारं मोजत नव्हतो, त्या क्षणी ती अडखळतेय का, एवढंच ऐकत होतो. ती काय म्हणतेय ते ऐकलंच नाही. त्या दिवशीच नव्हे. सव्वीस वर्षं.

तर आता माझी विनंती एवढीच, की तिला आणखी चार दिवस ठेवून घे, समजूत घाल आणि बापाला माफ करायला सांग. ती नाही म्हणाली तर तेही कळव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
सर्व बाजूंनी विझलेला,
धाकटा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नकोस. आणि वाचून झालं की जिन्याखाली ठेवू नकोस.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात कंपनीचं चिमणीच्या नावचं पत्र आलं. मी उघडलं नाही. तुझ्या भावजयीने उघडलं. ते सोबत जोडलं आहे. तिला दे आणि बंदच आलं होतं असं सांग. तिला कायम केलं आहे! साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय की, ज्या मुलीचं बोलणं अशा प्रसंगीही तुटत नाही, तिला आणखी काय तपासायचं. सोमवारपासून हजर व्हायचं आहे. खाली एक अट आहे. मार्गदर्शकांच्या नातेवाइकांना यापुढे आत प्रवेश नाही, आणि कंसात, विशेषतः वडिलांना. (मी तिचा बाप, हे त्या दिवशी निघताना मीच व्यवस्थापकाला सांगून आलो होतो.) दारावर माझा फोटो लावणार आहेत.

ता. क. तिसरा. तेव्हा खरं काम असं आहे. वर लिहिलेली माफी वगैरे राहू दे, ती तिच्या सवडीने करील किंवा न करील. मला आता ते बोलणं ऐकायला कधीच मिळणार नाही. तू सोमवारच्या आधी एका दुपारी तिला समोर बसव आणि म्हण, मला तुझी नाताळनगरी दाखव, पहिल्या खोलीपासून. तू आपली मटार सोलत बस, वर बघू नकोस. फक्त त्याआधी मला फोन लाव आणि टोपलीशेजारी पालथा ठेवून दे. वीसच मिनिटं लागतात. मध्ये ती थांबली तर थांबू दे. मी काही बोलणार नाही.