बाभळीच्या सालीतलं औषध

माय,

तुला वाचता येत नव्हतं. आज तू असतीस तरी हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते मला मुळीच चाललं नसतं. त्यामुळे हे कुठे पाठवायचं नाही याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मागच्या महिन्यात एक गोष्ट कळली. ती खरं तर तुला सांगायची होती, आणि सांगायला तू नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तो हळद शिजवायचा दिवस आठवतो तुला? जर्मन-जपानच्या लढाईचे दिवस होते, वाशीमच्या शिवेवर आपला मळा होता. बाबा वांग्यांची गाडी घेऊन जवळच्या मालेगावच्या बाजाराला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी परतणार होते. मोठी कढई चुलाण्यावर चढली आहे, मी खाली काड्या सारते आहे, आणि शिजत्या हळदीच्या वासाने डोकं जड झालं आहे. चुलाण्याचा एक दगड सरकतो, कढई कलते, आणि उकळतं पिवळं पाणी माझ्या उजव्या हातावर आणि कुशीवर येतं. त्यापुढचं मला तुझ्या आवाजातच आठवतं. मोठी माय, म्हणजे तुझी मोठी जाऊ, चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल फेटायला बसली होती. "दवाखान्यात कायले नेतं तिले? तिथून कोनी घरी येत नाही," असं ती म्हणाली. तोवर तू तिच्यापुढे कधी मान वर केली नव्हतीस. त्या दिवशी मात्र म्हणालीस, "पोरगी माही हाये. मी नेतो." शेजारच्या मळ्यातला छकडा मागून आणलास, बैल स्वतः जुंपलेस, आणि पदर खोचून हाकायला बसलीस. बाईमाणसाने गाडी हाकली म्हणून पुढे महिनाभर लोक बोलत राहिले.

दवाखान्यातले डॉक्टर वयाने लहान होते, बोलायला मऊ. ताज्या बनवलेल्या फिकट पिवळ्या औषधाचा फवारा ते थोड्या थोड्या वेळाने माझ्या हातावर मारायचे. तू माझे पाय दाबून धरले होतेस. कातडी आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळपट होत गेली, वाळून कडक झाली, आणि माझं रडणं हळूहळू थांबलं, कारण दुखणंच थांबलं. तू वाकून बघितलंस आणि घाबरून म्हणालीस, "साहेब, ह्ये त मोटीच्या कातड्यावानी झालं!" डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, अगदी बरोबर ओळखलंत. बाभळीच्या सालीत घालून मोटेचं कातडं कमावतात ना? त्या सालीत जे तुरट असतं, तेच यात आहे. कच्चं कातडं सडतं, कमावलेलं सडत नाही. या खपलीखाली नवी कातडी येईल. फक्त तिला हात लावायचा नाही. कोरडी ठेवायची."

तेव्हा तुझा चेहरा कसा सैल झाला ते मी पाहिलं होतं. मोट वर्षभर विहिरीच्या पाण्यात चढते-उतरते आणि तरी कुजत नाही, हे तुझ्या रोजच्या डोळ्यांपुढचं होतं. तुरटपणाची तर तुला जन्माची ओळख. सकाळी तू बाभळीच्या काडीने दात घासायचीस, हिरड्या आवळतात म्हणायचीस. पोट बिघडलं की डाळिंबाची साल उकळून पाजायचीस, आणि माझी जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटायची. ते औषध तुला परकं वाटलं नाही. तू त्या डॉक्टरांवर विश्वास टाकलास तो त्यांच्या कोटाकडे पाहून नव्हे, बाभळीच्या भरवशावर.

पण मोट वापरणाऱ्याला आणखीही एक माहीत असतं. कातडं कोरडं ठेवलं तर ताठतं, त्याला तेल द्यावं लागतं. घरी आणल्यावर माझी बोटं त्या काळ्या खपलीत आवळून आत वळायला लागली, तेव्हा तू एका दुपारी एरंडीचं तेल कोमट करून बोटांच्या सांध्यांना लावलंस. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच तुझ्यावर ओरडले. "सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून? सगळं बिघडेल!" तू खाली मान घातलीस. पुढे माझे डोळे पिवळे झाले, ताप चढला, अन्न पोटात ठरेना. मोठी माय म्हणाली, हळदीची वाफ डोयात गेली. तू माझ्या उशाशी बसून राहिलीस. मी त्यातून उठले. खपली निघाली तेव्हा खाली खरंच नवी कातडी होती, पण चार बोटं तळव्याला चिकटल्यासारखी वळून बसली होती, ती अजून तशीच आहेत.

मग लग्नाच्या गोष्टी निघायच्या आणि हात पाहून मोडायच्या. मोठी माय येईल त्याला सांगायची, "चांगल्या पोरीचा हात लाकूड करून आनला हिनं." तू कधी उलट बोलली नाहीस. मला वाटायचं, तू हट्टी आहेस, म्हणून गप्प आहेस. मला तू चुलीशी बसवून डाव्या हाताने भाकरी थापायला लावायचीस. ती फाटली आणि मी रडले की म्हणायचीस, "रडून राह्यली कायले? फाटली त फाटली, पोटात गेल्यावर कोन पायते?" शाळेतही तूच घातलंस. शेतात राबता येणार नाही आणि लग्न होणार नाही, मग शिकू तरी दे, एवढंच बाबांना म्हणालीस.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात तू माझा हा हात हातात घेतला होतास. म्हणालीस, "मीच बिघडवला बाई. साहेबानं नोको म्हनलं होतं, मी तेल लावलं." इतकी वर्षं तू हे पोटात ठेवलं होतंस. मी म्हणाले, "असू दे माय." दुसरं काय म्हणणार? मला वेगळं काही माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात अकोल्याला एका वयस्क सर्जनला हा हात दाखवायला गेले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "भाजल्यावर टॅनिक अ‍ॅसिड मारलं होतं का?" मी सगळं सांगितलं, तेलाचं आणि पिवळ्या डोळ्यांचंसुद्धा. ते म्हणाले, त्या काळी मोठमोठ्या इस्पितळांत हेच करायचे. ते तुरट द्रव्य कातडीतल्या प्रथिनांना धरून बसतं, त्यांना घट्ट करतं, म्हणून जखमेतून पाणी झिरपत नाही आणि दुखणं थांबतं. पण उघड्या जखमेतून तेच रक्तात उतरून लिव्हरला बाधतं. डोळे पिवळे झाले ते बहुधा त्यानेच, हळदीच्या वाफेने नव्हे. आणि बोटांवर त्याची खपली घट्ट बांगडीसारखी बसते, आत सूज आली की रक्त टोकापर्यंत पोचत नाही, आणि बोटं अशी आखडून बसतात. हे पुढे कळलं तेव्हा डॉक्टरांनी ते औषध सोडून दिलं. मी विचारलं, तेलानं काही झालं असेल का? ते म्हणाले, "तेलाचा काही संबंध नाही. आणि इतकं भाजल्यावर तुमच्या आईनं दवाखान्यात आणलं नसतं, तर तुम्ही आज इथे बसला नसता."

माय, ऐकलंस ना? तू बिघडवलं नाहीस. त्या डॉक्टरांनीही जाणूनबुजून नाही, त्यांना तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी मनापासून केलं. हे मोठ्या मायला सांगायला हवं होतं, पण तीही गेली, बाबाही गेले. आता हे ज्याला सांगावं असं माणूसच उरलेलं नाही.

एक मात्र कबूल करते. सर्जन हे बोलले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी तू आली नाहीस. आधी मला स्वतःलाच एकदम हलकं वाटलं, आणि ते कशामुळे, हे कळायला थोडा वेळ लागला. तू हात धरून 'मीच बिघडवला' म्हणालीस, तेव्हापासून मी तुझ्यावर रागावलेली होते. हे मला त्या खुर्चीत, तो राग गेल्यावर कळलं.