दीडपट वेगाने ऐकलेलं गाणं

सोमवार, ३ मार्च
आजपासून शिस्त. 'कानोसा' या माझ्या ऑनलाइन पानावर दर शुक्रवारी नव्या स्वतंत्र कलाकारांच्या गाण्यांचं परखड परीक्षण. हल्ली ज्याच्याकडे फोन तो गायक. कोणीतरी गाळून घ्यायला नको? वॉटर प्युरिफायरच्या तक्रार विभागात इतकी वर्षं लोकांचं ऐकून माझा कान तयार झालाय.
नियम: प्रत्येक गाणं डोळे मिटून, शेवटपर्यंत, दोनदा ऐकायचं.

बुधवार, ५ मार्च
डोळे मिटल्यावर झोप लागली. ही म्हणाली, गाण्यापेक्षा घोरण्याचा ठेका बरा होता. बायकोला संगीतातलं काही कळत नाही.
दुरुस्ती: एकदाच. डोळे उघडे.

शनिवार, ८ मार्च
शोध! फोनमध्ये गाण्याचा वेग दीडपट करता येतो. आवाज जरा चिरकतो, पण अस्सल गाणं चिरकूनही अस्सलच. शिवाय पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं कळतं. शितावरून भाताची परीक्षा. एका चहात अख्खा आठवडा निकालात काढला.
वाचक दोन. मेहुणा आणि फरशी विकणारी एक कंपनी. मेहुणा न वाचताच लाइक करतो. विश्वास म्हणतात तो हा.

रविवार, ९ मार्च
फ्रिज पुन्हा बंद! दूध नासलं. पॅसेजमध्ये उभा राहून खडसावलं: फ्रिज कोणी बंद केला, या घरात कोणाला अक्कल आहे का, दूध काय झाडाला लागतं का. ही म्हणाली, फ्रिज घरघरतो, म्हणून थोडा वेळ बंद ठेवला. घरघरणारच, फ्रिज आहे तो! कन्या तिच्या खोलीत रजई पांघरून, कपाटात डोकं घालून बसलेली. म्हणे अभ्यास. आजकालच्या मुलांना काही विचारायची सोय नाही.
मी माघार घेतली, कारण मला एक चाल सुचत होती. हल्ली सारखी ओठांवर असते. कन्येच्या दारासमोरून जाताना तर हमखास सुचते. बहुधा तिथे हवा खेळती आहे. कोणाला ऐकवायची नाही. चोरतील.

शुक्रवार, १४ मार्च
'बंद कपाट' असलं काहीतरी नाव लावणाऱ्या कोणा मुलीने गाणं पाठवलंय. सोबत लिहिलंय, पहिलंच गाणं आहे, तुमचं मत माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला आवडलं तरच दुसरं करीन, कृपया पूर्ण ऐका. पूर्ण ऐका म्हणे! ज्याला स्वतःची खात्री नसते तोच असं विनवतो.
कन्या आज न सांगता चहा घेऊन आली आणि समोरच बसून राहिली. म्हटलं, जा बाई, बाबा कामात आहेत.
पुरेसं ऐकलं. लिहिलं: "आवाज उंदरासारखा. चाल कुठेतरी ऐकलेली, म्हणजे उसनी. मागे एक उद्धट, असंस्कृत गृहस्थ दुधावरून बोंबलतोय. असा माणूस कोणाच्याही घरी असू नये. कलाकाराने आधी त्याला काढावं, मग गाणं काढूच नये."
शेवट फर्मास जमलाय. मेहुण्याचा लाइक आला.

शनिवार, १५ मार्च
कन्या जेवली नाही. परीक्षेचं टेन्शन असणार. रजई घडी घालून पुन्हा पलंगावर. फ्रिज दिवसभर चालू. शेवटी माझ्या बोलण्याचा परिणाम झालाच! ही बोलत नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, कान तपासून घ्या. बोला!

बुधवार, १९ मार्च
ऑफिसात चहाच्या वेळी डिस्पॅचच्या बाईंनी फोनवर गाणं लावलं. भाचीने पाठवलंय म्हणे, सगळीकडे फिरतंय, त्यातला बाप तर अफलातून. संथ, मऊ आवाज. मी म्हणणारच होतो, वा, हिला तर 'कानोसा'वर घ्यायला हवं. तेवढ्यात गाण्यातला माणूस ओरडला. फ्रिज. अक्कल. दूध काय झाडाला लागतं का.
सगळा तक्रार विभाग माझ्याकडे वळला. साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, अहो, हळू बोला, ग्राहक लाइनवर आहे. माझं तर तोंडही उघडलं नव्हतं.
संध्याकाळी घरात न जाता जिन्यातच बसलो. साध्या वेगाने, पूर्ण ऐकलं. शेवटी मुलगी गायची थांबते. दाराबाहेरून तो माणूस तीच चाल गुणगुणत जातो, ठार बेसूर. आणि ती हसते. अगदी हळू, स्वतःशीच. माझ्या पोरीचं हसणं. उंदीर म्हणालो मी तिला. फार वाईट वाटलं. रुमाल नव्हता, बाहीला नाक पुसलं.

गुरुवार, २० मार्च
परीक्षण काढून टाकलं. कन्येला सांगितलं की मी मुद्दामच कडक लिहिलं, उद्या कोणी पक्षपात म्हणायला नको. ती म्हणाली, बाबा, तुमचा आवाज मी गाण्यातून काढला नाही, वाटलं तुम्ही ओळखाल आणि हसाल. मग विचारलं, किती ऐकलं होतंत? म्हटलं, पूर्ण. तिने पुन्हा विचारलं, किती? म्हटलं, अर्धं मिनिट. दीडपट वेगाने. ती उठून आत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २३ मार्च
दुसरं गाणं करतेय! हिने समजूत काढली. मीही मदतीला सज्ज. सकाळीच मिठाच्या पाण्याने गुळण्या करून विचारलं, पॅसेजमध्ये कुठे उभा राहू, कशावरून ओरडू, या वेळी गीझरवरून चालेल का? म्हणाली, नको बाबा, या वेळी कोणीच नको. तुम्ही जरा बाहेर बसता का?
फ्रिज बंद झाला. हिने दुधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.
जिन्यात बसलोय. दाराला कान लावून पाहिला, काही ऐकू येत नाही. दूध कोमट झालंय, आता नासेल.
ओरडलो नाही.