पुणे–गुवाहाटी, तीन तास

५ जानेवारी
सुमनला सांगलीच्या दवाखान्यात ॲडमिट केलं. रहिमतपूरहून अडीच तास. लिव्हर खराब, डॉ. म्हणाले बघू. संदीपला कळवू का, विचारलं तर माझ्यावरच डाफरली. "नगं. ड्युटीवरच्या माणसाला वंगाळ कळवायचं न्हाई." मी फौजेत होतो तेव्हाही हिचा हाच नियम. माझी आई गेली ते मला तेराव्यानंतर पत्रानं कळलं. पत्र हिचंच.

७ जाने.
आसामातल्या आर्मी कॅम्पातनं संदीपचा फोन. "आण्णा, आई फोन का उचलत न्हाई?" म्हटलं, रानात गेलीय. कॉटवरनं हिनं मान हलवली, शाबास म्हणल्यागत.
मोबाईलवर बघितलं. गुवाहाटी ते पुणे सरळ दोन हजार कि.मी., विमानानं तीन तास. मी तिकडं असताना रेल्वेनं चार दिवस लागायचे! म्हटलं, मग घाई कसली? गरज पडली की बोलवू.

१० जाने.
मेव्हणा बापू आला. लय भडकला. "दाजी, डोकं फिरलंय का? कळवा पोराला." तीन तासांचं सांगितलं. "आन् विमानतळापतुर काय उडत जाणार व्हय त्यो? पुण्यापास्नं हितवर कसा येणार?"
संध्याकाळी सुमन आपणहून, "आवं, बोलवा त्याला. लय बघावंसं वाटतंय."
नियम मोडला तिनं. लगेच फोन लावला. संदीप "निघतो" एवढंच म्हणाला.

११ जाने.
कॅम्पातनं गुवाहाटी गाडीनं सात तास. थेट विमान फुल्ल. दिल्लीवरनं मिळालं. दिल्लीत धुकं. तिथंच अडकलाय.
ही सारखी विचारते, "कुठवर आला?" दुपारपर्यंत दिल्ली सांगितलं. मग तिचं तोंड बघवेना. म्हटलं, पुण्यात उतरला. दोन-अडीच तासांनी सातारा. मग कराड. एकेक गाव सांगत गेलो. पोरगं तिकडं विमानतळावर बसून.
इस्लामपूर म्हटल्यावर हसली. "मग आलाच की."
सव्वासहाला गेली.

१२ जाने.
रात्रीच तिला गावी घरी आणलं. भावकी थांबली. संदीप चारला पोचला, मग माती.
परत आल्यावर अंगणातच विचारलं, "दवाखान्यात कवा नेलं?"
"पाच तारखेला."
"सहा तारखेला पोचलो असतो, आण्णा."
एवढं बोलून आंघोळीला गेला. मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ जाने.
तेरावं काल झालं. आज संदीप गेला. पाया पडला, पण तोंडाकडं बघितलं नाही. बापू सोडायला गेला पुण्यापर्यंत.
विमान आज वेळेत. मोबाईलवर बघत बसलो. दीडला गुवाहाटीत उतरलं.
उतरला की "आई, पोचलो" म्हणून फोन करायचा. कायम तिच्याच फोनवर. तो चार्ज करून खिशात ठेवलाय.
पाच वाजले.