कोर्ट उठेपर्यंत

बाबा, तुझ्या मुलाला परवा उल्हासनगरच्या कोर्टात शिक्षा झाली आणि मी घरी येऊन पोटभर जेवले. दारू पिऊन टेम्पो चालवला म्हणून. तुला "तू" म्हणूनच लिहितेय. आपल्याकडे बापाला अहो-जाहो कोण करतं? माझ्या सासरी करतात, म्हणून आता लिहिताना जरा अडखळते एवढंच. तू जाऊन इतकी वर्षं झाली, इतक्या वर्षांत तुला काही कळवावं असं वाटलं नव्हतं. भावाचं लग्न झालं, मी चिखलोलीला फ्लॅट घेतला, हे सगळं तुला न सांगताच पार पडलं. पण हे सांगितल्याशिवाय चैन पडेना.

तुझाच धंदा करतो तो. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या फर्निचरच्या दुकानांतून कपाटं, सोफे, दिवाण भरायचे आणि बदलापूरच्या नव्या बिल्डिंगांत नेऊन टाकायचे. टेम्पो त्याचा स्वतःचा आहे, तुझ्या गाडीपेक्षा मोठा आणि एसीवाला. दसऱ्याची पूजा मात्र तुझ्यासारखीच, त्यात एका काडीचा फरक त्याने केलेला नाही. सकाळी गाडी धुवायची, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नारळ. मग बाटली उघडून चारी टायरांवर थोडी थोडी शिंपडायची आणि उरलेली तीर्थ म्हणून पिऊन टाकायची. गाडीला किती आणि भक्ताला किती, याचं तुमच्या दोघांचं माप अगदी सारखं. आणि पूजा झाली की गाडीची एक फेरी मारून आणायचीच, नाहीतर पूजा लागत नाही म्हणे.

या दसऱ्याला तो तसाच फेरीला निघाला, भर दुपारी, अंबरनाथच्या दिशेने. बाजूच्या सीटवर त्याची पोरगी, नव्या फ्रॉकमध्ये. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. एक बाई होत्या, त्यांनी मशीन तोंडापुढे धरून फुंकायला सांगितलं. तुझा मुलगा त्यांना म्हणतो, "मॅडम, ही दारू नाय. पूजेची हाय." बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मशीनला बारची आणि पूजेची सारखीच लागते. फुंका." हे मला त्यानेच नंतर सांगितलं, तेही चिडून, जणू मशीनने धर्म बुडवला.

मला फोन आला तो पोरीमुळे. तिला माझा नंबर पाठ आहे. मी रिक्षा करून चौकीत गेले तेव्हा ती खुर्चीवर बसून बिस्किटं खात होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. भावाला रक्त तपासायला दवाखान्यात नेलं होतं. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "आत्या, मी पप्पांना हळू चालवा बोललेली. मम्मीने सांगितलेलं, सारखं बोलत राहायचं." संध्याकाळी वहिनीला विचारलं, पोरीला का पाठवतेस त्याच्याबरोबर? ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "ती बाजूला असली का ते जपून चालवतात, ताई."

बाबा, हे वाक्य मी कुठे ऐकलंय ते तुला माहीत नसेल. कुळगावच्या घरात, चुलीपुढे. आई तांदळाचं पीठ मळतेय, बाहेर तू हॉर्न वाजवतोयस, आणि आई मला पुढे ढकलते, "जा, बस बापाशेजारी. तू असलीस का जपून चालवतो." मी शाळेतून आलेली असायचे, कधी दप्तरसुद्धा पाठीवरच. तुला वाटायचं पोरीला फिरायची हौस आहे. तू लोकांना कौतुकाने सांगायचास, "माझी लेक क्लिनर हाय माझी." मला पुढचं दिसत नाही म्हणून तू कॅम्पातल्या फोमवाल्याकडून एक जाड उशी कापून आणलीस, लाल रेक्झिनची खोळ शिवून घेतलीस, सीटवर टाकलीस. "आता बघ कसा रस्ता दिसतो." दिसायला लागला की. त्याआधी निदान दिसत तरी नव्हता.

चिखलोलीच्या पुढे वळण होतं, आठवतं? तेव्हा तिथे शेतंच होती. समोरून सायकलवाला आला, तू स्टिअरिंग फिरवलंस आणि आपण सरळ भाताच्या शेतात. मागे दोन कपाटं एकमेकांवर आपटली, आरसा फुटल्याचा आवाज आला. सायकलवाला बांधावर पडून तुला शिव्या घालत होता, म्हणजे धड होता. तू उतरलास, शेतातल्या पाण्याने तोंड धुतलंस, माझ्याकडे बघून हसलास. "कनाला रडतंस? काय झाला मना? उभा हाय ना?" तुझ्या तोंडाचा वास मला सीटवर बसूनही येत होता. पुढे नाक्यावर हवालदार होता. त्याने चिखलाने भरलेली गाडी बघितली, तुला बघितलं, मला बघितलं. तू त्याला नमस्कार केलास, घरचं विचारलंस, त्याने हात हलवून सोडून दिलं. बाजूला पोर बसलीये, म्हणजे माणूस घरगुती आहे असं त्याला वाटलं असणार. कपाटं परत कॅम्पात नेली तर शेठ आरशासाठी बोंबलला, "दरवाजा भी हिल गया है, देखो." माझं कपाळ पुढे आपटून सुजलं होतं. त्याबद्दल तिथे कोणी काही विचारलं नाही.

रात्री मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही मला पाठवणार नाही. आईने कपाळाला हळद लावली आणि म्हणाली, "बघ, तू होतीस म्हणून वाचला तो." दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला आणि तिने मला पुन्हा पुढे केलं. मी आईला दोष देत नाही. तिच्याकडे दुसरा ब्रेक नव्हता. पण वहिनीच्या तोंडून तेच ऐकलं तेव्हा मला तिच्यासमोरचं परातीतलं पीठ उचलून फेकावंसं वाटलं, खरंच सांगते.

भाऊ चौकीतून घरी आल्यावर सभा भरली. काका आले, चुलत्यांची पोरं आली, जो तो फोन काढून बसला. "नगरसेवकाला सांगू." "साहेबाच्या ओळखीचा एक जण हाय." काका मला म्हणाले, "तू एमआयडीसीत ऑफिसात हायस, तुझी वळख असंल ना कोणाची?" होती. आमच्या मॅनेजरांचे साडू पोलीस खात्यात आहेत. एक फोन केला असता तर निदान प्रयत्न तरी झाला असता. भाऊ माझ्याकडे लहानपणी बघायचा तसा बघत होता. मी म्हटलं, "माझी कोणाशी ओळख नाही." आणि बाबा, तेव्हापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत मला एकच धास्ती होती, की याला कोणीतरी सोडवेल. हात हलवून, घरचं विचारून, तुला सोडायचे तसं.

पण तसं आता होत नाही म्हणे, निदान याच्या बाबतीत झालं नाही. बाकीचे दंड मोबाइलवर भरता येतात, पण दारूच्या केसला कोर्टातच उभं राहावं लागतं. परवा तो उभा राहिला. पांढरा शर्ट, हात पुढे बांधलेले, मागून डिट्टो तू. न्यायाधीश बाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? "हो, मॅडम." कागद वाचून त्या म्हणाल्या, "गाडीत मुलगी होती तुमची?" बाईंनी आवाज चढवला नाही. पहिला गुन्हा म्हणून दहा हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत आत जावं लागेल, हेही सांगितलं. लायसन्स काही महिने बंद. मी बाईंना हात जोडले ते आभाराचे, हे शेजारच्या वकिलाला कळलं नसेल.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे तुरुंग नव्हे. त्याच खोलीत मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत गप्प बसून राहायचं. त्याच्याशेजारी मीही बसले. पुढे चेक बाउन्सच्या केसेस, नवरा-बायकोची भांडणं चाललेली, पंखा करकर वाजतोय, आणि आम्ही दोघं शाळेत बसल्यासारखे. दुपारी तो अगदी हळू म्हणाला, "ताई, बाबाला कधी कोणी पकडला नाय ना?" "नाही," मी म्हटलं. "नशीबवान होता," तो म्हणाला. मी पाण्याची बाटली पुढे केली.

त्याची दारू सुटली असं मी म्हणत नाही. पितो, पण घरात पितो, आणि टेम्पोला दसऱ्यानंतर लगेच ड्रायव्हर ठेवलाय. आता तो स्वतः शेजारच्या सीटवर बसून जातो आणि ड्रायव्हरला हळू चालव म्हणून कटकट करतो, असं वहिनी हसत हसत सांगत होती. चावी तिच्याकडे असते. काल संध्याकाळी मी गेले तेव्हा टेम्पो निघत होता, हॉर्न वाजला, आणि पोरगी टीव्हीपुढून उठलीसुद्धा नाही. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिले, आणि वहिनीने चहा गार होतोय म्हणून हाक मारली तेव्हा कळलं की मला रडू येतंय.

तू अंथरुणात गेलास, शुगरने, सगळी माणसं भोवती असताना. तुझ्या हातून कोणी मेलं नाही. लोक याला नशीब म्हणतात, तुझा मुलगाही म्हणतो. मला तसं वाटत नाही. तुला एकदा तरी कोणीतरी धरून असं दिवसभर बाकावर बसवायला हवं होतं. मी आले असते सोबत, डबा घेऊन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आईच्या हाती तर लागूच द्यायचं नाही. ती अजून म्हणते की पोरीला बापाचं फार वेड होतं, सारखी त्याच्याशेजारी बसायची. मी तिला काही सांगत नाही. तुला सांगते. मला तू फार आवडायचास, बाबा, फक्त गाडीत आवडायचा नाहीस. आणि तू मला भेटायचास तो गाडीतच.